ओळख करून दिल्याबद्दल

कवळीमास्तरांनी आयुष्यात कुठल्या वर्गावर शिकवलं नव्हतं, पण सगळा गाव त्यांना मास्तरच म्हणायचा. त्यांचा धंदा दातांचा. दात काढायचा नव्हे, करायचा. दवाखान्यातला डॉक्टर रोग्याच्या जबड्याचं माप घेई, ते माप डब्यात घालून मास्तरांच्या लॅबमध्ये येई आणि काही दिवसांनी त्याच डब्यातून कवळी, नाहीतर एखाद्या दाताची कॅप परत जाई. लॅब म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लॅस्टरचा धुरळा इतका, की सकाळी तिथे टांगलेली काळी छत्री संध्याकाळपर्यंत पिकल्यासारखी दिसायची. आतल्या खोलीत भट्टी आणि खिडकीला लागून एक लांब टेबल.

त्या टेबलाशी तिघं बसत. मेणाचे दात घडवणारी बाई, तिला सगळे मेणबाईच म्हणत. रंग आणि भट्टी सांभाळणारे मास्तर. आणि नाना. मास्तरांना हा धंदा नानांनी शिकवला होता. हात सोन्याचा, पण व्यवहारात माणूस अगदी कच्चा. स्वतःची लॅब त्यांना कधी धड चालवता आली नाही. म्हातारपणी ते शिष्याच्याच लॅबमध्ये येऊन बसू लागले, आणि मास्तरांनी त्यांना खिडकीजवळची उजेडाची जागा न बोलता देऊन टाकली. चहा आला की पहिला कप नानांचा. एवढी एक शिस्त तिथे कडक होती.

सगळं ठीक चाललेलं असताना मास्तरांच्या जावयाचा केबलचा कारखाना बंद पडला. जावई भला माणूस. सुरुवातीला तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून नोकरी शोधायला जाई. मग इस्त्री गेली. मग जाणंही गेलं. मास्तरांची थोरली कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राही आणि घरी आल्यावर नवऱ्याने घासून ठेवलेली भांडी गुपचूप पुन्हा घासून घेई, त्याला दुखवायला नको म्हणून. मास्तर भेटायला गेले की जावई आतल्या खोलीतून बाहेर येईनासा झाला. एकदा मास्तरांच्या बायकोने लेकीच्या कपाटात परदेशी जाण्याचे कागद पाहिले आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

त्याच सुमारास सरकारने एक योजना काढली. बसच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत तिची जाहिरात होती: तुमच्या ओळखीत परदेशी कंपनी आहे का? तिला इथे घेऊन या. रोजगार आपल्या सर्वांचा, बक्षीस तुमचं. चौकात बसच्या मागे सायकल धरून उभे असताना मास्तरांनी ते वाचलं. पहिल्यांदा त्यांना हसू आलं. परदेशी कंपनी काय कोणाच्या मामाची असते? पण सिग्नल सुटायच्या आतच त्यांना पावडरसाहेब आठवला.

पावडरसाहेब हा परदेशी कंपनीचा विक्रेता. दाताची कॅप ज्या पावडरीतून भाजून काढतात ती त्याची कंपनी बनवी, आणि तो दरवर्षी ती घेऊन लॅबमध्ये येई. आपली भाषा तो शिकला होता, पण दिसेल त्याला स्त्रीलिंगी करून टाकी. ‘मास्तर आली का?’ असं तो जिन्यातून विचारी आणि मेणबाई तोंडावर पदर घेऊन खाली बघे. मास्तरांच्या घरी तो कितीदा तरी जेवला होता. गेल्या खेपेला जाता जाता तो बोलून गेला होता, की कंपनी या भागात मोठा कारखाना काढणार आहे, फक्त कुठल्या देशात ते अजून ठरत नाही.

बायको म्हणाली, विचारून बघा, विचारायला काय जातं. मास्तर उद्योग खात्याच्या कार्यालयात गेले. तिथली अधिकारीबाई थोरलीच्याच वयाची होती, घसा बसलेला, दिवसभर लोकांना समजावून सांगून बसलेला. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, योजना नीट उलगडून सांगितली. ओळख आपली स्वतःची हवी. कंपनी आली, ठरल्याइतकी माणसं तिने कामाला घेतली आणि ती वर्षभर टिकली, की बक्षीस. मास्तर म्हणाले, बक्षिसाचं मागाहून पाहू. गावातल्या पोरांना काम लागेल ना? ती म्हणाली, त्याचसाठी तर ही सगळी धडपड आहे. ती मनापासून बोलत होती. मास्तरांना नंतर पुष्कळ वेळा वाटलं, ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

मास्तरांनी केलं एवढंच. एक फोन पावडरसाहेबाला, आणि त्याला दिलेला अधिकारीबाईचा नंबर. पुढची चक्रं आपोआप फिरली.

कंपनीचे पाहुणे आले तेव्हा त्यांना लॅब बघायची होती. अरुंद जिना चढून चकचकीत बुटांची माणसं वर आली आणि धुरळ्यात उभी राहिली. नाना एक दाढ कोरत होते. पाहुण्यांतला एकजण वाकला, परवानगी मागून फोन काढला आणि नानांच्या बोटांचं बराच वेळ चित्रीकरण करत राहिला. नानांनी आधी मास्तरांना टेबल पुसायला लावलं, मगच हात चालवला. एका दाताला किती वेळ लागतो, असं पाहुण्याने विचारलं. नाना म्हणाले, ते दाढेला विचारावं लागतं. पावडरसाहेबाने ते भाषांतर करून सांगितलं आणि सगळे मोकळेपणाने हसले. नानाही हसले. त्या दिवशी ते घरी जाताना सायकलच्या दुकानात थांबले आणि परदेशी माणसाने आपल्या हाताचं चित्र घेतलं, असं दुकानदाराला सांगून गेले.

जिन्यात मास्तरांनी पावडरसाहेबाला विचारलं होतं, इथे नक्की काय काय बनवणार. ‘सगळं, मास्तर. सगळी,’ तो म्हणाला होता. मास्तर समजले, सगळ्या प्रकारची पावडर. त्यांच्या डोळ्यांसमोर गोण्या, चाळण्या, पॅकिंग, आणि एका कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला जावई होता.

पायाभरणीच्या समारंभात काचेखाली कारखान्याचा छोटा नमुना मांडला होता. त्यात गोण्या कुठेच नव्हत्या. यंत्रांच्या रांगा होत्या, आणि प्रत्येक यंत्रापुढे पडद्यावर बघत बसलेलं बोटाच्या पेराएवढं माणूस. मास्तरांनी अधिकारीबाईला विचारलं. ती उत्साहाने सांगू लागली, की पावडर पूर्वीसारखी बाहेरूनच येणार. इथे होणार तयार माल. कॅप, ब्रिज, कवळ्या. यंत्र कोरतं, एका वेळी कित्येक.

मास्तरांची दातखीळ बसली. जरा वेळाने त्यांनी विचारलं, ‘हा माल जाणार कुठे?’

‘निर्यात,’ ती म्हणाली. ‘पहिल्या टप्प्यात सगळी निर्यातच.’

त्या शब्दाला मास्तर बुडत्यासारखे धरून राहिले. मंचावर मंत्र्यांनी त्यांचा हात हातात घेतला, पुष्पगुच्छ दिला, छायाचित्र निघालं. या एका साध्या माणसाने गावाला कारखाना आणून दिला, असं मंत्री म्हणाले. टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत बायको, थोरली आणि जावई. जावई उभा राहून टाळ्या वाजवत होता. मागच्या रांगेत नाना होते. घरी परतताना त्यांनी विचारलं, ‘आपलं काय रे?’ मास्तर म्हणाले, ‘नाना, माल बाहेरच्या देशांत जाणार. आपल्या तोंडांना तो लागायचा नाही.’ नानांनी मान हलवली. शिष्याचा शब्द त्यांनी कधी तोलून पाहिला नव्हता.

पुढचे काही महिने मास्तर म्हणजे गावातलं बडं प्रस्थ होतं. सकाळी दारात लोक उभे. कुणाचा मुलगा, कुणाची भाची, कुणाची सून. एवढं घ्या की मास्तर चिकटवून. मास्तरांच्या शब्दावर खरं तर काहीच अवलंबून नव्हतं, कारखाना आपल्या चाचण्या घेऊन माणसं घेत होता, पण ज्यांना काम लागलं त्यांना वाटलं मास्तरांमुळे, आणि ज्यांना लागलं नाही त्यांनाही वाटलं मास्तरांमुळेच. जावयाला लागलं. देखभाल विभागात. निळा कोट घालून तो पहिल्या दिवशी सासऱ्यांच्या पाया पडायला आला आणि नुसता बसून राहिला. थोरलीने परदेशी जायचे कागद चुलीत घातले की फाडले, कोण जाणे. पण कपाटात ते पुन्हा दिसले नाहीत. वर्ष सरायच्या आत तिला दिवस गेले. मास्तरांची बायको घरात गुणगुणत काम करू लागली.

मग दुसरा टप्पा आला.

तो वाजतगाजत आला नाही. एका दवाखान्याचा डबा यायचा थांबला. मग दुसऱ्याचा. गावातले सगळ्यांत जुने दंतवैद्य, ज्यांचं काम मास्तर पहिल्यापासून करत आले होते, ते स्वतः जिना चढून वर आले. बसले, घाम पुसला, आणि म्हणाले, ‘मास्तर, तुम्हाला दाखवायला मला तोंड नाही.’ मग बोललेल्याची मौज त्यांच्याच लक्षात आली, पण कोणी हसलं नाही. कारखान्याने दवाखान्यांना छोटे कॅमेरे दिले होते. कॅमेरा तोंडात फिरवायचा, चित्र कारखान्यात जातं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॅप दारात. माप नको, डबा नको. रोगीच विचारतात, कारखान्याची का नाही बसवत.

डॉक्टरांनी खिशातून एक कॅप काढून टेबलावर ठेवली. मास्तरांनी ती भिंगाखाली धरली. कड पाहिली, खाच पाहिली, रंगांच्या पट्टीला लावून पाहिली. खोट सापडावी म्हणून ते ती पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. शेवटी त्यांनी ती नानांच्या हातात दिली. नानांनी चष्मा वर केला, कॅप डोळ्यांजवळ नेली, खिडकीकडे धरली.

‘चांगली आहे,’ नाना म्हणाले आणि ती हलक्या हाताने परत ठेवली.

गावात आणखीही लॅब होत्या. स्टेशनाजवळच्या लॅबवाल्याने टाळं लावलं, पुलाकडच्या दोघा भावांनी भट्टी विकायला काढली. एका रविवारी ते सगळे मिळून मास्तरांच्या घरी आले. भांडायला आले असते तर मास्तरांना सोपं गेलं असतं. ते विनंती करायला आले होते. तुमचा शब्द तिथे चालतो म्हणतात, तेवढा टाकून बघा. निदान कवळ्यांचं काम आमच्याकडे राहू द्या म्हणावं. मास्तर हो म्हणाले. नाही म्हणायला काही उरलं नव्हतं.

त्यांनी पावडरसाहेबाला फोन लावला. दुसऱ्याच कुणीतरी उचलला. साहेब नोकरीतून मोकळा झाला होता. ज्या पावडरी तो दारोदार विकायचा त्या विकत घ्यायला आता लॅबच उरल्या नव्हत्या. मास्तरांना वाटलं होतं आपण त्याला शिव्या घालू. त्याऐवजी त्यांनी त्याची तब्येत कशी आहे ते विचारलं, आणि पलीकडच्या माणसाला ते सांगता आलं नाही.

मग ते कार्यालयात गेले. अधिकारीबाईने त्यांना ओळखलं, उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. तिचा घसा अजून बसलेलाच होता. मास्तरांनी सगळं सांगितलं. ती मधे बोलली नाही. शेवटी म्हणाली, कंपनीने एकही नियम मोडलेला नाही. उलट कबूल केल्यापेक्षा जास्तच माणसं घेतली आहेत.

‘लागलेल्या नोकऱ्या तुम्ही मोजता,’ मास्तर म्हणाले. ‘गेलेल्या कोण मोजतं?’

‘त्याची नोंद आमच्याकडे नसते, मास्तर,’ ती म्हणाली. तिला ते सांगताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

मास्तरांनी बक्षीस नाकारायचं म्हटलं. योजनेत ओळख करून द्यायची सोय होती, दिलेली ओळख मागे घ्यायची नव्हती. बक्षीस मंजूर होऊन गेलं होतं. ते आता खात्यात आपल्या पायाने येणार होतं. आणि तुम्ही नाकारलंत, ती हळूच म्हणाली, तरी तिथलं एक यंत्रसुद्धा थांबणार नाही. मास्तरांना तिचा राग येईना. राग कुणाचा करावा तेच कळेना. कुणी फसवलं नव्हतं, कुणी लुबाडलं नव्हतं, जो तो आपलं काम नीट करत होता.

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘अहो, मग तुम्हाला हवंय तरी काय? तो कारखाना बंद पडावा?’

आतल्या खोलीत थोरली बाळंतपणाला येऊन झोपली होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मास्तरांनी दार लोटून घेतलं.

मेणबाई आणि नाना यांच्यासाठी मास्तरांनी जावयाला गळ घातली. जावयाने मनापासून खटपट केली. मेणबाईला घेतलं, पण पॅकिंगला. ती आता खोक्यांवर लेबलं चिकटवते. भेटली की म्हणते, बरं आहे मास्तर, पंखा आहे, बसायला मिळतं. नानांच्या बाबतीत जावई नुसती मान खाली घालून उभा राहिला. मास्तरांनीही त्याला जास्त छळलं नाही.

नाना मात्र रोज येत. टेबल पुसत, हत्यारं मांडत, खिडकीशी बसत. डबा येत नसे. दुपारी ते म्हणत, आज जरा सुस्त आहे, नाही का. मास्तर म्हणत, हो, उद्या येईल.

शेवटी मास्तरांनी एक उपाय काढला. बाहेरच्या खोलीत फळ्यांवर जुने साचे पडून होते. वर्षानुवर्षांची गावाची तोंडं, प्लॅस्टरमधली. त्यातला एक त्यांनी धुऊन घासून नव्यासारखा केला, डब्यात घातला आणि सकाळी नानांसमोर ठेवला. नव्या डॉक्टरचं काम आहे, म्हणाले, घाई नाही. नानांचा चेहरा उजळला. दोन दिवस ते त्यात डोकं घालून बसले. मास्तरांनी भट्टी लावली, रंग भरला, आणि तयार काम डब्यात घालून ‘दवाखान्यात पोचवायला’ म्हणून घरी नेऊन कपाटात ठेवलं. मग दुसरा साचा. मग तिसरा. नानांचा पगार वेळेवर होत होता. बक्षीस खात्यात आलं होतं, ते कशावर खर्चावं हा प्रश्न निदान त्यामुळे सुटला होता.

असे बरेच दिवस गेले. मास्तरांना वाटू लागलं, हे असंच निभावेल. नानांची नजरही आता अधू झाली होती.

एका सकाळी नानांनी साचा हातात घेतला आणि हिरडीच्या जागेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे मिटून फिरवला.

‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘हे शाळेतल्या घंटावाल्याचं तोंड. डावीकडे हाडाला उंचवटा आहे बघ. कवळी टोचते म्हणून तो तीनदा परत आला होता. मीच केली होती.’

मास्तरांनी भट्टीची कळ चाळवली.

‘तो वारला त्याला किती वर्षं झाली?’

मास्तरांनी ती पुन्हा चाळवली.

‘आधीचीही अशीच होती का?’ नानांनी विचारलं. मास्तरांनी मान डोलावली. नानांना राग आला नाही. त्यांनी हातातलं कोरणं पुसलं, साचा उलटा करून ठेवला आणि म्हणाले, ‘दात कुणाच्या तरी तोंडात जावा लागतो रे. नाहीतर तो दगडच.’ मग त्यांनी चहा होईपर्यंत वाट पाहिली, आपला पहिला कप घेतला, आणि नेहमीच्या वेळेआधीच उठले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही नाही.

मास्तरांना आठवडाभर हिंमत झाली नाही. मग एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. नाना ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मास्तरांना शेजारी बसवलं, नातवंडाची विचारपूस केली, गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगितलं. लॅबचा विषय दोघांनीही काढला नाही. मास्तर तोंडात शब्द जुळवत होते. नाना, मला माफ करा म्हणावं, की मला माहीत नव्हतं म्हणावं. की माहीत झालं तेव्हा मी थांबवू शकलो नाही म्हणावं. एकही शब्द पुरा होईना.

तेवढ्यात आतून नानांची नात पाणी घेऊन आली. चटपटीत मुलगी, संगणकाचा काहीतरी कोर्स नुकताच संपवलेली. ती आत गेल्यावर नानांनी खुर्ची थोडी जवळ ओढली आणि आवाज उतरवला. गुरूने शिष्याकडे काही मागावं याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

‘हिने कारखान्यात अर्ज दिलाय,’ ते म्हणाले. ‘हात माझ्यावर गेलाय पोरीचा. पण तिथे हाताचं काय, पडद्यावरचं काम. तुझे जावईबापू आहेत आत. तेवढा एक शब्द टाकशील?’

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. नानांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, दुखणंही नव्हतं. फक्त नातीची काळजी होती, जशी मास्तरांना थोरलीची होती.

‘टाकतो,’ मास्तर म्हणाले.

त्यांनी घरी जाऊन जावयाला सांगितलं, आणि जावयाने दुसऱ्याच दिवशी वरच्यांच्या कानावर घातलं. मुलगी हुशार होती, शब्दाशिवायही लागली असती. पण लागली ती मास्तरांमुळे, असं नानांच्या घरात सगळे मानतात. नाना अधूनमधून निरोप पाठवतात, ये रे कधीतरी. मास्तर जातो जातो म्हणतात आणि जात नाहीत.

लॅब त्यांनी बंद केलेली नाही. तडकलेली कवळी कारखाना दुरुस्त करत नाही, नवीच घ्यायला सांगतो. तशी कुणाची असली तर माणूस जिना चढून वर येतो. मास्तर ती घेतात, तडा भरतात, घासून देतात. बसवून पाहिल्यावर माणूस आरशात तोंड उघडतो, मिटतो, आणि पायऱ्या उतरता उतरता विचारतो, मास्तर, आमच्या पोराचं तेवढं कारखान्यात काही होईल का?